देणगी थांबवावी, पण कळवून

२०१०च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या केएफसीच्या दुकानांत तळलेलं चिकन गुलाबी बादल्यांतून मिळू लागलं. दर बादलीमागे ५० सेंट 'सुझन जी. कोमेन फॉर द क्युअर' या संस्थेला जाणार, अशी जाहिरात होती. नॅन्सी ब्रिंकर यांनी स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या आपल्या बहिणीच्या आठवणीसाठी १९८२ साली ही संस्था काढली. जगभर ओळखीची झालेली गुलाबी फीत घराघरांत पोचवण्यात तिचा मोठा वाटा. जाहिरातीखालच्या बारीक टायपात मात्र एक खुलासा होता. पैसे भरत होते दुकानचालक, तेही कंपनीकडून रिकाम्या बादल्या मागवताना. गिऱ्हाइकाने एक बादली घेतली काय किंवा दहा घेतल्या काय, देणगीच्या रकमेत त्याने थेट भर पडत नव्हती.

या मोहिमेतून कोमेनला चाळीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले आणि टीकाही भरपूर मिळाली. पाळी गेल्यानंतरच्या वयात लठ्ठपणामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगतं. मग कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचं नाव तळलेल्या कोंबडीवर कशाला, असं 'ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन' या दुसऱ्या संस्थेने जाहीरपणे विचारलं. चार वर्षांनी बेकर ह्यूज या तेलक्षेत्रातल्या कंपनीने जमिनीत भोकं पाडण्याची एक हजार पाती गुलाबी रंगवली आणि कोमेनला एक लाख डॉलर दिले. तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला.

दरमहा वीस-पंचवीस डॉलर देणाऱ्या साध्या देणगीदाराने अशा वेळी काय करायचं? दोन गोष्टी सहज सुचतात. पहिली, गुपचूप देणगी बंद करणं. दुसरी, समाजमाध्यमावर चार ओळी खरडून मोकळं होणं. गुपचूप गेलेला देणगीदार संस्थेच्या हिशेबात 'गळती'त धरला जातो. नोकरी गेली असेल, कार्ड बदललं असेल, अशी समजूत करून घेऊन कार्यालय पुढे चालू लागतं. आणि समाजमाध्यमावरचा राग विश्वस्तांच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. काढून घेतलेल्या पाठिंब्याचा परिणाम व्हायचा, तर तो का काढला हे संस्थेला लेखी आणि नेमकं कळायला हवं.

त्याआधी देणगीदाराने एक गोष्ट स्वतःशी ठरवायला हवी. आक्षेप नेमका कशाला आहे?

संस्थेने कोणाकडून पैसे घेतले आणि संस्थेने कोणाला आपलं नाव वापरू दिलं, हे दोन वेगळे मामले आहेत. पहिल्यात पैसा आत येतो. दुसऱ्यात विश्वास बाहेर जातो, आणि तो विश्वास देणगीदारांच्या जिवावर कमावलेला असतो. या लेखाचा कल स्पष्टच सांगायचा तर दुसऱ्या प्रकाराकडे जास्त कडक नजरेने पाहावं. ब्रिटनमधली 'एज यूके' ही वृद्धांसाठी काम करणारी संस्था ई.ऑन या वीज कंपनीची एक खास दरयोजना आपल्या नावाने पुढे करत होती. कंपनीकडून संस्थेला वर्षाला सुमारे साठ लाख पौंड मिळतात आणि बाजारात याहून स्वस्त योजना आहेत, असं २०१६च्या फेब्रुवारीत एका वृत्तपत्राने छापलं. संस्थेने बातमीतला अर्थ नाकारला, पण काही दिवसांत ती योजना थांबली. इथे देणगीदाराच्या पैशाचा गैरवापर झालेला नव्हता. पण ज्या म्हाताऱ्या माणसांनी 'आपली संस्था सांगतेय' म्हणून योजना घेतली, त्यांचं काय?

आपल्याकडचं उदाहरण डॉक्टरांच्या संघटनेचं आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने २००८ मध्ये पेप्सिकोशी करार केला आणि ट्रॉपिकाना रस व क्वेकर ओट्स यांच्या प्रचारासाठी संघटनेचं नाव दिलं. तीन वर्षांचे सव्वादोन कोटी रुपये ठरले होते. केरळमधल्या एका सदस्य डॉक्टरने पाठपुरावा केला, तक्रार मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियापर्यंत गेली आणि २०१०च्या नोव्हेंबरमध्ये संघटनेचे अध्यक्ष व सचिव यांची नावं सहा महिन्यांसाठी डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्याचा निर्णय कौन्सिलने दिला. त्या सदस्याने सुरुवातीलाच चिडून राजीनामा दिला असता, तर घरचा माणूस म्हणून जाब विचारायचा त्याचा हक्कच संपला असता.

तिसरा प्रकार गुंतवणुकीचा. 'कॉमिक रिलीफ' या ब्रिटिश संस्थेचा निधी शस्त्रं, तंबाखू आणि दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत गुंतलेला होता, हे बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने २०१३च्या डिसेंबरमध्ये दाखवलं. या संस्थेसाठी लाल नाक लावून शाळेत पैसे गोळा करणाऱ्या मुलांना याची कल्पना असण्याचा प्रश्नच नव्हता. संस्थेने नंतर धोरण बदललं आणि या तिन्ही क्षेत्रांत गुंतवणूक न करण्याचं जाहीर केलं.

सगळ्याच वादग्रस्त भागीदाऱ्या टाकाऊ असतात असंही नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून तीन अब्ज डॉलर भरण्याचं मान्य केलं. औषधांचा बेकायदा प्रचार केल्याचं प्रकरण होतं. पुढच्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन'ने या कंपनीशी पाच वर्षांचा करार केला, तेव्हा भुवया उंचावल्या त्या उगीच नव्हेत. पण त्या करारातलं एक काम असं होतं : कंपनीच्या माउथवॉशमधल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं जेल बनवायचं, म्हणजे नवजात बाळाच्या कापलेल्या नाळेवर लावून जंतुसंसर्ग टाळता येईल. हे काम औषध कंपनीवाचून होणं अवघड होतं. अशा वेळी 'कंपनी वाईट, म्हणून संस्था वाईट' एवढा हिशेब पुरत नाही. त्या कंपनीकडे असलेलं आणि दुसरीकडे न मिळणारं काही संस्थेला मिळतंय का, हे बघावं. गुलाबी बादलीतून फक्त पैसे मिळाले. ते दुसऱ्या कोणाकडूनही मिळाले असते.

कागद कुठे सापडतात

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरावरून देणगी थांबवू नये. संस्थेचा वार्षिक अहवाल, त्यातलं सहयोगींचं पान आणि ताळेबंदाखालच्या टिपा आधी वाचाव्यात. संस्थेकडून काही कळत नसेल, तर कंपनीच्या बाजूने शोधावं. ही वाट फारसं कोणी धरत नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यांचं सीएसआर धोरण आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प संकेतस्थळावर ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. काम राबवणाऱ्या संस्थेचं नाव पुष्कळदा तिथेच मिळतं. संस्थेच्या पत्रकात जे 'एका हितचिंतकाचं सहकार्य' असतं, ते कंपनीच्या अहवालात फोटोसकट झळकत असतं.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि लेखापरीक्षित हिशेब तिथे सादर करावे लागतात. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज आणि शुल्क भरून नकला मागता येतात. वेळ लागतो, एक-दोन हेलपाटे पडतात. दरमहा पाचशे रुपये देणाऱ्याने इतक्या खोलात जायची गरज नाही. आजोबांच्या नावाने पाच लाखांचा कायम निधी ठेवणाऱ्या कुटुंबाने जरूर जावं.

एक गल्लत टाळावी. धर्मादाय आयुक्त निधीच्या गैरवापराची किंवा विश्वस्तांच्या बेकायदा कारभाराची दखल घेतात. 'मला हा प्रायोजक आवडत नाही' ही त्यांच्याकडे नेण्याची तक्रार नव्हे. पण काही हातमिळवण्यांना कायद्यातच मनाई आहे. बाळांच्या डब्याच्या दुधाबाबतचा १९९२चा कायदा २००३ मध्ये दुरुस्त झाला. तेव्हापासून असं अन्न बनवणाऱ्या कंपन्यांना आरोग्यसेवकांच्या संघटनांना परिषदा, संशोधन किंवा शिष्यवृत्तीसाठी पैसे देता येत नाहीत. तंबाखू कंपन्यांबाबत २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे, आणि सीएसआरची कामं करतानाही तो मोडता येणार नाही असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं. असा प्रकार दिसला तर नुसती देणगी थांबवणं कमी पडतं. तिथे तक्रारच करायला हवी.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. २०१० साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातही गुटख्याच्या धंद्याशी नाव जोडलेल्या प्रायोजकावरून रण पेटलं होतं. पैसा कोणाचा, हे विचारायची सवय इथल्या वाचकाला आहे. घरातून दरमहा जाणाऱ्या देणगीबद्दल मात्र तो प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

सभासद असाल तर थांबा

देणगीदार आणि सभासद यांच्यातला फरक इथे फार महत्त्वाचा. आजीव सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येते, तिथे त्याला प्रश्न विचारता येतो, ठरावावर मत देता येतं. राजीनामा दिला की हे सगळं एका दमात जातं, आणि भागीदारी आवडणारे तेवढे आत उरतात. म्हणून सभासदाने ऐच्छिक देणगी थांबवावी, सभासदत्व ठेवावं. सभेच्या आधी, संस्थेच्या घटनेत दिलेल्या मुदतीत, लेखी प्रश्न पाठवावा. आयत्या वेळी उठून बोललं तर अध्यक्ष हसून 'नंतर बोलू' म्हणतात, हे आपल्याकडच्या सभांना बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

मानाच्या पदावर असलेल्यांचं गणित वेगळं. त्यांच्या राजीनाम्याला आवाज असतो. लंडनच्या २०१२च्या ऑलिंपिकमध्ये डाऊ केमिकल प्रायोजक होती. भोपाळ दुर्घटनेतली युनियन कार्बाइड याच डाऊने २००१ मध्ये विकत घेतलेली. भोपाळची जबाबदारी आपली नाही, असं डाऊचं म्हणणं. या खेळांच्या शाश्वततेवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाच्या सदस्य मेरेडिथ अलेक्झांडर यांनी २०१२च्या जानेवारीत जाहीरपणे राजीनामा दिला, आणि तोवर मागच्या पानावर असलेला विषय ब्रिटनमध्ये ठळक बातमी झाला. प्रायोजक हटला नाही, तरी भोपाळचं नाव त्या चर्चेत पुन्हा आलं.

पत्र कसं असावं

पत्र विश्वस्तांच्या नावे लिहावं. देणगी विभागाच्या ईमेलवर पाठवलेली तक्रार बहुधा तिथल्या तिथे आभाराच्या ठरीव उत्तराने मिटवली जाते. मजकूर एका पानात बसावा आणि त्यात राग कमी, माहिती जास्त असावी. नमुना म्हणून असं लिहिता येईल :

"मा. अध्यक्ष व विश्वस्त मंडळ यांस सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या आरोग्य शिबिरांसाठी मी २०१८ पासून दरमहा पंधराशे रुपये देत आहे. या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. आपल्या ताज्या वार्षिक अहवालात शिबिरांचे मुख्य सहयोगी म्हणून अमुक कंपनीचे नाव व बोधचिन्ह आहे. या सहयोगाची मुदत किती, त्यातून किती रक्कम मिळते आणि संस्थेचे नाव वापरण्याची परवानगी कंपनीला दिली आहे का, हे कृपया कळवावे. देणग्या स्वीकारण्याविषयी संस्थेचे लेखी धोरण असल्यास त्याची प्रत मिळावी. महिनाअखेरपर्यंत उत्तर न आल्यास पुढील महिन्यापासून देणगी थांबवत आहे. हा सहयोग संपल्याचे आपण कळवल्यास ती पुन्हा सुरू करण्याची माझी तयारी आहे. कळावे."

'कळावे'च्या आधीच्या दोन वाक्यांपैकी पहिल्यात मुदत आहे, दुसऱ्यात परतीची वाट. ही दोन्ही असली की पत्राला वजन येतं, कारण खजिनदाराला त्यातून आकडा मांडता येतो : एवढे देणगीदार, एवढी रक्कम, या एका कारणासाठी अडलेली. ओळखीतल्या आणखी चार-सहा जणांनी आपापल्या शब्दांत पत्रं लिहिली तर उत्तम. एकच मजकूर सर्वांनी चिकटवला तर तो एकच धरला जातो.

मॉलच्या दाराशी टॅबलेट घेऊन उभ्या असलेल्या पोरा-पोरींवर मात्र राग काढू नये. ती बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीची माणसं असतात, आणि भागीदारीचा निर्णय त्यांनी ऐकलेलाही नसतो.

पैसे थांबवताना

कार्डावरून दरमहा जाणाऱ्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते आणि त्यातून बाहेर पडण्याची सोय असावी लागते. यूपीआयवर असेल तर ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती आज्ञा रद्द करता येते. बँकेला सही करून दिलेलं एनएसीएच मँडेट असेल, तर शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि संस्थेलाही कळवावं. तारखेच्या आदल्या दिवशी धावत गेलं तर तो हप्ता बहुधा जातोच. खात्यात पैसे न ठेवणं हा उपाय नव्हे. हप्ता परत गेला की बँक दंड लावते. पगारातून कपात होत असेल, तर मनुष्यबळ विभागाला त्या महिन्याचे पगार बनण्यापूर्वी सांगावं लागतं.

वर्षाच्या मध्ये थांबणाऱ्याने कराचं विसरू नये. ८०जीची वजावट जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीवर ती मिळतच नाही. पण एप्रिल ते सप्टेंबर दिलेल्या हप्त्यांचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावरच हाती येतं. तेव्हा रागाच्या भरात संस्थेच्या यादीतून ईमेल आणि पॅन काढायला लावलं, तर नंतर प्रमाणपत्रासाठी त्याच कार्यालयाला फोन करत बसावं लागतं.

दिलेले पैसे परत मिळतील ही आशा ठेवू नये. दान पूर्ण झालं की ते मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ याबाबत बरंच कडक आहे. मात्र विशिष्ट कामासाठी म्हणून लेखी दिलेली रक्कम त्याच कामावर खर्च झाली का, हे विचारता येतं. म्हणून मोठी रक्कम देतानाच पत्रात हेतू लिहावा. आईच्या नावाने खोली बांधून दिली असेल, तर त्या पाटीशेजारी दुसरी कोणती पाटी लागू शकते, हेही तेव्हाच ठरवून घ्यावं. नंतर हा विषय काढणं सगळ्यांनाच अवघड जातं.

मग त्या दीड हजारांचं काय करायचं? ते खात्यात पडून राहिले तर नुकसान शिबिरात येणाऱ्या बाईचं होतं, विश्वस्तांचं नव्हे. त्याच कामाला, शक्यतो त्याच भागात, दुसरीकडून पैसे पोचवावेत. कोमेनचंच पुढचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. 'प्लॅन्ड पेरेंटहुड' या संस्थेच्या केंद्रांना स्तनतपासणीसाठी कोमेन अनुदान देत असे. २०११ मध्ये ते सुमारे ६,८०,००० डॉलर होतं. ही संस्था गर्भपाताची सेवाही देत असल्याने अमेरिकेत तिच्यावरून कायम दोन तट असतात. कोमेन हे अनुदान बंद करत असल्याची बातमी ३१ जानेवारी २०१२ रोजी फुटली. चिडलेल्या देणगीदारांनी पैसे थेट प्लॅन्ड पेरेंटहुडकडे वळवले आणि काही दिवसांत तिच्याकडे सुमारे तीस लाख डॉलर जमले. ३ फेब्रुवारीला कोमेनने निर्णय फिरवला. त्यावर पहिल्या निर्णयाने खूश झालेला दुसरा तटही दुखावला. पुढच्या वर्षी कोमेनने आपल्या तीन दिवसांच्या निधिसंकलन पदयात्रांपैकी सात शहरांतल्या यात्रा रद्द केल्या. चौदापैकी सात.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी देणगीदारांना कागद मिळणं तुलनेने सोपं आहे. अमेरिकेत धर्मादाय संस्थांचा '९९०' हा वार्षिक अर्ज कोणालाही पाहता येतो. इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत हिशेब उघडे असतात, आणि संस्थेच्या नावाने माल विकणाऱ्या कंपनीला संस्थेला किती मिळणार हे सांगणं कायद्याने भाग आहे. भारतातल्या एखाद्या संस्थेला तिच्या अमेरिकी शाखेतर्फे देणगी जात असेल, तर पत्र दोन्हीकडे पाठवावं. भागीदारी भारतात ठरलेली असते आणि परदेशी शाखेच्या संचालकांना ती पुष्कळदा देणगीदाराच्या पत्रातूनच कळते.

उत्तर आलं आणि ते समाधानकारक असलं, तर? नुसत्या 'योग्य ती दखल घेतली आहे' एवढ्यावर विसंबू नये. धोरण कागदावर आहे का ते बघावं. १९९१च्या डिसेंबरमध्ये वर्ध्यात स्थापन झालेलं ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया बाळांचं डब्याचं दूध, बाळ-आहार आणि दुधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांकडून पैसे घेत नाही, आणि हे उघडपणे सांगतं. कोणाचे पैसे चालणार नाहीत हे आधी सांगून टाकलं की पुढचे निम्मे वाद उठतच नाहीत. असं एखादं पान संस्थेने दाखवलं, तर देणगी पुन्हा सुरू करायला हरकत नसावी. रद्द केलेलं मँडेट आपोआप जिवंत होत नाही, नवं भरावं लागतं. ते भरताना 'रद्द करेपर्यंत' या चौकटीत खूण न करता वर्षभरानंतरची शेवटची तारीख घालावी.